दुसरी कॉट

प्रभावतीबाईंनी पहाडगंजातल्या मराठी शाळेत अडतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला आणि त्या अडतीस वर्षांत त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता वर्गाबाहेर गेलेला प्राणी एकच, तो म्हणजे खिडकीतून आत आलेलं माकड. तेही जाताना दारात क्षणभर घुटमळलं होतं, असं शाळेतले जुने लोक शपथेवर सांगतात. निवृत्तीनंतर मात्र बाईंना उत्तर देणारं कोणी उरलं नाही. मुलगा-सून गुरगावला. रविवारी फोन यायचा, त्यात प्रश्न ते विचारायचे आणि ते दोनच: जेवलात का, गोळी घेतलीत का. बाईंच्या प्रश्नाआधी फोन ठेवलेला असायचा.

म्हणून एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या पुढ्यात माइक आला, तेव्हा त्यांनी तो असा धरला की काढून घ्यायला दोन माणसं लागली असती.

माइक होता अनुराग सरांच्या अकादमीचा. करोल बागेत, गाड्यांचे हॉर्न आणि सीटकव्हरं विकणाऱ्या दुकानांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर ही अकादमी. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून, तालुक्यांच्या गावांतून कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली मुलं तिथे शिकायची. मुलांना गावाकडचं काहीतरी कानावर पडावं म्हणून सरांनी मराठी पॉडकास्ट काढायचं ठरवलं. एक खोली दिली, भिंतींना आवाज घुमू नये म्हणून पानिपतची जाड ब्लँकेटं ठोकली आणि दर गुरुवारी तीन ते सहा ही खोली बाईंची, असं ठरलं. दिल्लीतल्या एका मराठी माणसाला बोलवायचं, त्याच्याशी गप्पा मारायच्या, बस. खालचा हॉर्नवाला सरदारजी त्या तीन तासांत हॉर्न वाजवून दाखवत नसे. गिऱ्हाइकाला तोंडानं आवाज काढून दाखवी, आणि म्हणतात की गुरुवारी त्याचा माल जास्त खपे.

ध्वनिमुद्रणाला होते मारुती हवालदार. सैन्याच्या सिग्नल कोअरमधून निवृत्त, मूळचे साताऱ्याकडचे, आता कँटोनमेंटच्या मागे घर करून राहिलेले. कानांवर हेडफोन, मिशीच्या वर करडी नजर. बटण दाबलं की "लाइन खुली" म्हणायचे आणि बंद केलं की "लाइन बंद". मधे एक शब्द नाही.

पहिले चार-पाच भाग जे झाले, त्यांना मुलाखत म्हणणं म्हणजे तोंडी परीक्षेला लग्न म्हणण्यासारखं होतं. पहिले पाहुणे एक निवृत्त कर्नल. बाईंनी त्यांना युद्ध सुरू होण्याची तीन कारणं विचारली. कर्नलसाहेबांना दोनच आठवली. बाईंनी तिसरं सांगितलं आणि पुढच्या वेळी वाचून यायला बजावलं. दुसरे एक मोठे सरकारी अधिकारी, ज्यांच्या केबिनबाहेर लोक तासन्‌तास बसतात. बाईंनी त्यांना पहिलाच प्रश्न असा काही विचारला की ते उत्तर द्यायला उभे राहिले. माइकची वायर ताणली, टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्या फाइलवर गेला, तरी ते उत्तर पूर्ण करूनच बसले. बाई म्हणाल्या, "शाब्बास." ते मनापासून खूश झाले. ऐकणारे मात्र अकरा होते, त्यांतले तीन बाईंच्या इमारतीतले.

चूक कुठे होतेय ते बाईंना कळेना. तयारी त्यांची चोख असे. पाहुण्याबद्दल सगळं वाचून, वहीत समास सोडून प्रश्न लिहून, त्याखाली त्याचं उत्तरही लिहून त्या येत. शेवटी एका गुरुवारी वायरी गुंडाळता गुंडाळता मारुती हवालदारच बोलले.

"बाई, एक सांगू? आम्ही पलीकडच्या चौकीला कधी माहीत असलेलं विचारत नव्हतो. माहीत असलेलंच ऐकायचं तर वायरलेस सेट कशाला उघडायचा? नुसती बॅटरी जाते."

बाई त्या दिवशी मेट्रोनं न जाता घरापर्यंत चालत गेल्या. अडतीस वर्षांत विचारलेले प्रश्न त्यांनी मनात मोजायचा प्रयत्न केला, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या लाखभर प्रश्नांत एकही असा नव्हता, ज्याचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक नव्हतं. शिक्षकाचा प्रश्न म्हणजे सापळा. मूल त्यात अडकतं की निसटतं एवढंच बघायचं. जाणून घ्यायचं काही नसतंच.

पुढच्या गुरुवारी पाहुण्या होत्या कुसुमावतीबाई, राजेंद्रनगरमध्ये मराठी मुलांची खाणावळ चालवणाऱ्या. बाईंनी वही घरी ठेवली. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, की खाणावळ उघडली त्या पहिल्या दिवशी किती पोळ्या उरल्या. कुसुमावतीबाई हसल्या, मग थांबल्या, मग म्हणाल्या, "सगळ्या. एकशेदहा." आणि त्या एकशेदहा पोळ्यांचं पुढे काय झालं, हे त्या पन्नास मिनिटं सांगत होत्या. बाईंनी मधे चारच शब्द खर्च केले, त्यांतले दोन "आणि मग" होते. तो भाग इतक्या जणांनी ऐकला की राजेंद्रनगरमध्ये दुसऱ्या दिवशी पोळ्यांना रांग लागली, रांग मेट्रो स्टेशनच्या जिन्यापर्यंत गेली आणि काही लोक पोळीच्या रांगेत आहोत असं समजून मेट्रोत बसून नोएडाला पोचले. निदान तसं सांगतात.

त्यानंतर बाई सुटल्या. पाहुणा काय म्हणतो ते ऐकायचं, त्यात भोक कुठे आहे ते बघायचं आणि तिथेच बोट ठेवायचं. लहान प्रश्न, आणि त्यापुढे गप्प बसणं. गप्प बसणं सगळ्यांत कठीण गेलं. मुलाला उत्तर येत नसलं की पहिलं अक्षर सांगायची सवय जिभेला होती. ती सवय आली की बाई उजव्या हाताचा अंगठा, खडूनं झिजलेला, डाव्या मुठीत दाबून धरत. गुरुवार हा त्यांच्या आठवड्यातला एकच वार उरला होता. बाकीचे सहा नुसते मधे यायचे.

आणि मग आला पन्नासावा भाग. पाहुणे खुद्द अनुराग सर.

सर म्हणजे काय, हे करोल बागेत कोणाला सांगायची गरज नव्हती. हिंगोलीकडचा मुलगा, पहिल्याच मुख्य परीक्षेत देशात वरचा क्रमांक, चार वर्षं नोकरी, मग राजीनामा आणि अकादमी. विजेच्या प्रत्येक खांबावर त्यांचा फोटो, हाताची घडी घातलेला. गल्लीतली कुत्री अनोळखी माणसावर भुंकत, पण सरांचं पोस्टर लावणाऱ्यावर भुंकत नसत.

सोमवारी अकादमीची मॅनेजर अर्पिता बाईंकडे कागद घेऊन आली. दिल्लीतच वाढलेली, कामात चटपटीत, मराठी बोलताना अधूनमधून शब्द शोधणारी मुलगी. कागदावर सतरा प्रश्न होते. प्रत्येकाखाली सरांचं उत्तरही टाइप केलेलं होतं, म्हणजे बाईंना कुठे मान डोलवायची ते कळावं. सर, तुमच्या संघर्षाबद्दल सांगा. सर, यशाचं रहस्य काय. सर, आजच्या तरुणांना काय संदेश द्याल.

बाईंनी कागद चष्मा लावून वाचला, काढून वाचला, आणि सरळ सांगितलं की यातला एकही प्रश्न त्या विचारणार नाहीत. उत्तरं छापून तयार आहेत तर अर्पितानंच ती मोठ्यानं वाचावीत, तिचा आवाजही बरा आहे. अर्पिताला ही म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटली. ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "बाई, प्लीज यार. सर बिल्कुल ऐकून घेणार नाहीत. लिस्टच्या बाहेर गेलात ना, तर स्टुडिओ बंद. मी नाही, ते स्वतः बोललेत."

बाईंनी मान डोलवली, पण कागदावर लिहिलं होतं त्या ठिकाणी नव्हे.

तीन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. सरांनी आजवर दिलेल्या मुलाखती फोनवर लावायच्या आणि ऐकायच्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, गोळी घेताना. एकेचाळीस मुलाखती झाल्या. एकेचाळीस वेळा सर त्याच ठिकाणी थांबले, त्याच ठिकाणी आवंढा गिळला आणि एकेचाळीस वेळा तेच वाक्य बोलले: "राजेंद्रनगरच्या गच्चीवरची खोली, जूनचा उकाडा, खोलीत पंखा एकच, आणि तो माझ्या कॉटवर नव्हता." पुढे टाळ्या. या वाक्यावर मुलं रडत. या वाक्याचं पोस्टर होतं, टी-शर्ट होता.

चाळीस वेळा बाईंनाही ते वाक्य आवडलं. एकेचाळिसाव्या वेळी त्या दुधी किसत होत्या. किसणी थांबली.

पंखा याच्या कॉटवर नव्हता. मग तो होता कोणाच्या कॉटवर?

एवढ्या शहाण्या मुलाखतकारांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं. आणि याचं उत्तर बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना ते इतकं हवंसं झालं की दुधी तसाच राहिला.

गुरुवारी मारुती हवालदारांना त्यांनी काय विचारणार ते आधीच सांगून टाकलं. हवालदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. ही लाइन उघडली तर सेट जप्त होणार, म्हणाले. बाईंनी विचारलं की सेट जप्त होईल म्हणून तुम्ही कधी लाइन बंद ठेवली होती का. हवालदारांनी वायर खोचली. हेडफोन चढवले.

तीन वाजता सर आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात जड घड्याळ. बाईंच्या पाया पडले, कॅमेरा असता तर बरं झालं असतं अशा नजरेनं इकडे-तिकडे पाहिलं आणि बसले. बाई सगळ्या जगाला अरे-तुरे करत, सरांनाही केलं. सरांना ते आवडल्याचं त्यांनी दाखवलं. दाराच्या काचेपलीकडे अर्पिता कागद घेऊन उभी होती, एकेका प्रश्नावर टिक करायला.

"लाइन खुली," हवालदार म्हणाले.

बाईंनी नाव सांगितलं, पाहुण्याचं नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, "अनुराग, तुझ्या खोलीत पंखा एकच होता आणि तो तुझ्या कॉटवर नव्हता. दुसऱ्या कॉटवर कोण झोपायचं?"

सरांनी आवंढा गिळायची तयारी केली होती, ती वाया गेली. ते हसले. बाई हसल्या नाहीत. सरांनी पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. हवालदार बोटांवर सेकंद मोजत होते. दहा झाले. वीस झाले. बाईंच्या जिभेवर शब्द आला, 'मित्र असेल ना?' हा एक शब्द दिला की सर "हो, मित्र" म्हणून सुटणार आणि पुढच्या गल्लीत पळणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी अंगठा मुठीत असा आवळला की नख पांढरं पडलं. तीस. चाळीस. खोलीत इतकी शांतता झाली की खालचा सरदारजी काही बरंवाईट तर झालं नाही ना बघायला जिना चढून वर आला, दारातून डोकावला आणि चपला हातात घेऊन परत गेला.

"यतीन," सर म्हणाले.

बाई किंचित पुढे झुकल्या.

"परतूरचा होता. माझ्याआधी आला होता दिल्लीत, म्हणून पंख्याखालची कॉट त्याची." सरांचा आवाज पोस्टरवरचा राहिला नव्हता. "नोट्स तोच काढायचा. अक्षर छान होतं त्याचं. मी त्याच्याच वाचायचो."

"वर्षभर तो पंख्याखाली आणि तू भिंतीकडे?"

"हो." मग सरांनी ग्लास बाजूला सारला. "नाही."

काचेपलीकडे अर्पितानं कागद खाली केला.

सर सांगत गेले, आणि आता त्यांना कोणी विचारत नव्हतं तरी सांगत गेले. मुख्य परीक्षेला दोन महिने राहिले तेव्हा त्यांना झोप येईनाशी झाली. रात्रभर घामानं चादर ओली, दिवसा डोळे मिटत. यतीन एक दिवस बाहेरून आला आणि न बोलता त्यानं दोन्ही गाद्या उचलून अदलाबदल केल्या. त्याला म्हणे गच्चीवर वाचायची सवय होती, त्याला चालणार होतं. दोन महिने सर पंख्याखाली झोपले. परीक्षा दोघांनी दिली. निकालात नाव एकाचंच आलं.

"मी खोटं नाही बोललो," सर म्हणाले. "दहा महिने नव्हताच पंखा माझ्या कॉटवर."

"आणि शेवटचे दोन?"

"होता."

तेवढ्यात दार उघडून अर्पिता आत आली. तिनं हवालदारांच्या पुढून हात घालून बटण दाबलं. तिचा चेहरा उतरला होता. घाईघाईनं तिनं ठरवून टाकलं: हे सगळं कट करायचं, दहा मिनिटं ब्रेक, सरांना चहा आणि पहिल्या प्रश्नापासून नव्यानं सुरुवात, लिस्टप्रमाणे. बाहेर पोस्टर लागलंय, रविवारी भाग जायचाय, मुलं वाट बघतायत. हे बाहेर गेलं तर लोक सरांना काय म्हणतील.

बाईंनी पदर नीट केला आणि त्या सरांकडे वळल्या.

"मी तुझं काही चोरून ठेवणार नाही. हे तुझं आहे. तू नको म्हणालास तर हवालदार माझ्यासमोर पुसतील. पण मग ती सतरा मी विचारणार नाही. पंखा तुझ्या कॉटवर नव्हता हे माझ्या तोंडासमोर बसून तुला पुन्हा म्हणता येणार नाही, आणि मला मान डोलवता येणार नाही."

"बाई, हा शो तुमचा नाहीये," अर्पिता म्हणाली. ओरडली नाही; विनवणीच्या सुरात म्हणाली. "अकादमीचा आहे. उद्यापासून दुसरं कोणी बसेल इथे."

"बसू दे. त्याला लिस्ट दे. पण पन्नासावा भाग माझ्या नावानं जाणार असेल तर तो हाच. नाहीतर पन्नासावा भाग नाहीच."

पुढचा गुरुवार त्यांना डोळ्यांसमोर दिसला: खिडकी, वाळत घातलेले कपडे, तीन वाजलेले. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

सर चिडले. उशिरा चिडले, पण चिडले. म्हणाले की त्यांनी ही खोली दिली, माइक दिला, म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत मान मिळावा म्हणून दिला, आणि बाईंनी त्यांनाच त्या खोलीत बसवून फसवलं. एकेचाळीस लोकांनी त्यांना आदरानं प्रश्न विचारले होते.

"त्यांतल्या एकानं तरी तुझं ऐकलं होतं का?" बाईंनी विचारलं. "मी तुला फसवलं नाही, अनुराग. 'सांगत नाही' म्हणायला तुला चाळीस सेकंद होते. हवालदारांनी मोजलेत."

"बेचाळीस," हवालदार म्हणाले. दोघांच्या बोलण्यात मधे पडायची त्यांची ही पहिलीच वेळ.

सर उठले. दारापर्यंत गेले. भिंतीवरच्या ब्लँकेटची शिवण एका जागी उसवली होती, तिच्यात बोट घालून उभे राहिले. दिवसातून दोनशे मुलांना उत्तरं सांगणारा माणूस, पाठमोरा, बराच वेळ. अर्पितानं मोबाइल काढला, परत ठेवला. बाईंनी या वेळी अंगठा दाबला नाही. गप्प राहणं त्यांना आता जमत होतं.

"पुसू नका," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

अर्पिता काहीतरी म्हणणार होती. सरांनी हात वर केला.

"जाऊ दे तो भाग. आहे तसा." मग ते वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उपकार नव्हते, मायाही नव्हती. "पण पुढच्या गुरुवारपासून ही खोली तुम्हाला नाही, बाई. मी रोज या जिन्यानं वर येतो. रोज तुमच्यासमोरून जायचं मला झेपणार नाही."

हवालदारांनी बाईंकडे पाहिलं. आठवड्यातला एकुलता एक वार त्यांच्या हातातून गेला होता. देणाऱ्यानंच परत घेतला होता आणि कारणही खरं दिलं होतं. बाईंना त्या कारणाचा राग येईना. राग आला असता तर सोपं झालं असतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण आज सहापर्यंत खोली माझी आहे. साडेचारच झालेत. बस खाली."

सर उभेच राहिले. अर्पिता दारात होती, एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात सतरा प्रश्नांचा कागद, आणि यातलं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. शेवटी तिनंच कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसली.

मग सरही बसले. जड घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं, बाही कोपरापर्यंत सारली. बाईंनी माइक त्यांच्या बाजूला सरकवला. हवालदारांना काही सांगावं लागलं नाही.

"लाइन खुली."

"निकाल लागला त्या दिवशी," बाईंनी विचारलं, "यतीननं सामान कधी बांधलं, तू खोलीत असताना की नसताना?"

"असताना," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एवढा खाली गेला की हवालदारांना आवाजाचं बटण आणखी वर करावं लागलं.